टाक्याचं आणि बिनटाक्याचं

मांजरीच्या टाक्यांचा पहिला शत्रू म्हणजे तिचीच जीभ. बोका अंगावर येईल, माशी बसेल, पावसाचं पाणी लागेल ही भीती खरीच, पण ती सगळी मंडळी दाराबाहेर ठेवता येतात. जीभ तोंडातच असते आणि मांजरीचं तोंड तिच्या पोटापर्यंत सहज पोचतं. त्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात, आपली नखं ज्या केराटिनची बनतात त्याचेच. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या संशोधकांनी 2018 मध्ये ते काटे बारकाईने तपासले, तेव्हा टोकाशी ते पोकळ निघाले. तोंडातली लाळ भरून घ्यायची आणि केसांच्या मुळाशी नेऊन सोडायची, अशी ती व्यवस्था. जागेपणाचा जवळजवळ चौथा हिस्सा मांजर या कामात घालवतं. तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठीवर “चाटू देऊ नका” असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या, त्यात अतिशयोक्ती नव्हती. ज्या प्राण्याचा हा मुख्य व्यवसाय, त्याचा तो बंद ठेवायची जबाबदारी आमच्या घरावर आली होती, इतकंच.

आमच्या मांजरीचं नाव चिंबोरी. उरणजवळ करंजाच्या बंदरात वर ओढून ठेवलेल्या होडीखाली ती सापडली, तेव्हा तळहातात मावत होती आणि उचलणाऱ्याचं बोट तिने असं धरून ठेवलं की दुसरं नाव सुचलंच नाही. वर्षाची व्हायच्या आतच ती माजावर आली. रात्रभर ओरडणं, छाती जमिनीला टेकून शेपूट बाजूला घेणं, आणि ओट्यावर गल्लीतला तो फाटक्या कानाचा पिवळा बोका येऊन बसलेला. मांजरीचं गणित साधं आहे आणि भयंकर आहे. गर्भ नऊ आठवड्यांचा. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते. थंड देशांत दिवस लहान झाले की हा प्रकार काही महिने थांबतो. आपल्याकडे हिवाळ्यातही दिवस फारसा आखडत नाही, त्यामुळे थांबणं असं नाहीच. उरणच्या मासळीवर ही प्रजा वाढते, आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंदरात उभ्या राहिल्या की तीच प्रजा उपाशी पडते. त्या दोन महिन्यांत गटाराकाठी भिजलेली पिल्लं ज्याने पाहिली आहेत, त्याला नसबंदी करावी की नाही हा प्रश्न फार वेळ छळत नाही. मला छळत होता तो निराळाच. हिच्या पोटातलं काढायचं ठरवलं मी, नवऱ्याने आणि डॉक्टरांनी. हिला विचारायची काही सोय नव्हती.

सासूबाईंना आम्ही सांगितलं, तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आमाला तरी कोनी इचारलं व्हतं?” तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं.

उरणमध्ये जनावरांचे डॉक्टर लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत, पण ते गाई-म्हशींच्या आणि बैलांच्या हिशोबाने. मांजराला डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं की आमच्या आधीच्या पिढीतला एखादा हौशी माणूस मोऱ्याहून लाँच धरायचा, भाऊच्या धक्क्यावर उतरायचा आणि परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयात जायचा. अशा माणसाचे किस्से मग गावात वर्षभर चालत. आम्ही नवी मुंबईतला एक दवाखाना गाठला. जाणं सोपं होतं. येताना गव्हाण फाट्यानंतर बंदराचे कंटेनर ट्रेलर लागले आणि पावसाने उखडलेला रस्ता लागला. मांडीवरच्या टोपलीत नुकतंच शिवलेलं पोट होतं. त्या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा त्या दिवशी मला स्वतःच्या बेंबीखाली कळला.

घरी आली तेव्हा ती जागी होती असं म्हणवत नाही. भुलीच्या औषधांत केटामाइन असलं की मांजराचे डोळे मिटत नाहीत. बाहुल्या मोठ्या, नजर कुठेच नाही. अंग मात्र थंडगार. भूल दिल्यावर शरीराला आपली ऊब राखता येत नाही, त्यात पोटावरचे केस काढलेले, आणि जीव जेमतेम तीन किलोचा. मी चिठ्ठी वाचत बसले होते. आईंनी (सासूबाईंना मी आईच म्हणते) काही न वाचता तिला हात लावला आणि म्हणाल्या, “गार परली ही. शेक पायजे.” चिठ्ठीतही तेच होतं: कोमट पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून शेजारी ठेवा, अंगाला चिकटवू नका. आईंनी बाटली भरली, स्वतःच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि रात्री उशिरापर्यंत गार झाली की पुन्हा भरत राहिल्या. मांजर घरात घ्यायला ज्यांचा वर्षभर विरोध होता, त्या याच.

दुसऱ्या दिवशी उजेडात टाके नीट पाहिले. पोटाच्या मध्यरेषेवर, गुलाबी कातडीवर, काळ्या नायलॉनच्या सुट्या सुट्या गाठी. वरून दिसतात ते हेच. खरा भार असतो आतल्या शिवणीवर, पोटाच्या भिंतीच्या. तो धागा काही आठवड्यांत शरीरातच विरघळून जातो. वरचे मात्र दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान काढायचे. तोवर उडी नाही, जिना नाही, माळा नाही, पाणी नाही. संडासासाठी रेती ठेवायची नाही, कण जखमेत जातात म्हणून वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून ठेवायच्या. सकाळ-संध्याकाळ टाके बघायचे आणि हात लावायचा नाही. आमच्या घरात फक्त बघण्याची सवय कुणालाच नाही. काही दिसलं की काहीतरी चोळायचं, लावायचं, पाजायचं.

जीभ अडवायला गळ्यात पट्टा हवा, ताटाएवढा, फनेलच्या आकाराचा. विकतचा होता तो तिच्या मापाचा नव्हता, त्यातून ती मान काढून घेई. मग आपल्याकडच्या डॉक्टरांची जुनी युक्ती: एक्स-रेची फिल्म कापायची. घरात एक्स-रे एकाच माणसाचे होते. आईंच्या डाव्या गुडघ्याचा, झिजलेला, आता कुणालाच नको असलेला. मी अर्धवर्तुळ कापलं, कडांना चिकटपट्टी लावली की गळा कापू नये, आणि चिंबोरी सासूबाईंचा गुडघा गळ्यात घालून घरभर मागे मागे चालू लागली. मांजराच्या डोक्यावर काही आलं की ते त्यातून उलटं निघू बघतं. दाराच्या चौकटीला धडकली, पाण्याची वाटी उपडी केली, शेवटी भिंतीकडे तोंड करून बसली. आई म्हणाल्या, “माजा गुडगा मनाच चालवत नाय, तिना कवरा चालवंल.”

मग बाया येऊ लागल्या.

गल्लीत बातमी कशी गेली कोण जाणे, पण “मांजरीचं ऑपरेशन” बघायला रोज कोणी ना कोणी येई, आणि रिकाम्या हाताने कुणी येत नसे. एकीने हळद-दूध आणलं. एकीने अळीव भिजवून आणला, मांजरीसाठी, गूळ घालून. समोरच्या काकूंनी ओवा आणि बाळंतशेपा निखाऱ्यावर टाकून धुरी द्यायचा आग्रह धरला. खोबरेल तेल, कोरफड, पिठीहळद, एका घरातून तर अर्धी संपलेली मलमाची नळी. प्रत्येकीला नाही म्हणताना मला कारण द्यावं लागे आणि कारणं द्यायला मी रात्री वाचत बसे. वाढलेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही. हळदीची पूड टाक्यांत अडकते, आणि चव लागली की जीभ तिथेच जाते. डेटॉल नको. काळं फिनेल तर त्या खोलीतही नको, कारण फिनॉल जातीची द्रव्यं मोडून बाहेर टाकायला जे विकर लागतं ते मांजराच्या यकृतात फारच तोकडं आहे. हा मोठा विनोद आहे. 1865 मध्ये ग्लासगोत जोसेफ लिस्टरने जखमेवर कार्बोलिक आम्ल, म्हणजे फिनॉलच, वापरायला सुरुवात केली आणि तेव्हापासून पोट फाडून माणूस जिवंत उठण्याची शक्यता वाढत गेली. शस्त्रक्रियेला ज्याने निर्धोक केलं, ते या एका घरगुती जनावराला विष. याच कमतरतेपायी तापाची साधी पॅरासिटॅमॉलची गोळीही मांजराचा जीव घेते. रक्तातला प्राणवायू वाहून न्यायची ताकदच जाते. तिला दुखतंय म्हणून कनवाळूपणाने अर्धी गोळी चारणारी माणसं असतात, आणि ती वाईट नसतात.

बाया माझं ऐकून घेत, मान डोलावत आणि दुसऱ्या दिवशी वेगळं काहीतरी आणत. हळूहळू माझ्या लक्षात आलं की त्यांनी आणलेलं सगळं बाळंतिणीचं होतं. शेक, धुरी, अळीव, डिंक, कानाला फडकं बांधा, वारं लागू देऊ नका. आपल्या घरांत बाळंतिणीचं शास्त्र परिपूर्ण आहे, सव्वा महिन्याचं, दिवसागणिक ठरलेलं. जिचं मूल होणं बंद केलंय, तिच्यासाठी मात्र कुठलंच शास्त्र तयार झालं नाही. लाडू नाही, खीर नाही, कोपऱ्यातली खाट नाही. तिच्या पोटाला चीर पडलेली असते, पण तिच्याकडून घरात नवं काही आलेलं नसतं. म्हणून या बाया चिंबोरीसाठी जवळचं तेवढंच उचलून आणत होत्या.

आणि बसल्या की बोलू लागत. पदर सावरत, आवाज जरा खाली आणून, “आमच्या वक्ताला…” असं सुरू होई. कुणाचं टाक्याचं, कुणाचं बिनटाक्याचं. दुर्बिणीतून केलेल्या कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेला आपल्याकडे बिनटाक्याचं म्हणतात. तिथेही बारीकसा एखादा टाका असतोच, पण बाईला घरी लवकर पाठवता येतं म्हणून नाव पडलं. आईंना सांगितलं होतं बिनटाक्याचं आणि झालं टाक्याचं. कधी, असं विचारलं तर आमच्या भागातली माणसं सन सांगत नाहीत. आई म्हणाल्या, गोळीबाराच्या आदल्या साली, शिमग्याच्या सुमाराला. गोळीबार म्हणजे जानेवारी 1984 चा. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेलं आंदोलन, त्यात पाच शेतकरी गेले. म्हणजे 1983 चा मार्च. शिमगाच का, हेही मग समजतं. सरकारी वर्ष 31 मार्चला संपतं आणि त्या काळी नसबंदीच्या ‘केसेस’चं उद्दिष्ट त्याआधी पुरं करायचं असे. नर्सबाईंना आकडा, ग्रामसेवकाला आकडा, शाळामास्तरांनाही आकडा. आईंना घेऊन गेले ते एक मास्तरच. ते बिचारे स्वतःच्या पगाराच्या काळजीत होते, असं आई अजून सांगतात.

त्याच्या सातेक वर्षं आधी गोष्ट उलटी होती. आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात, देशात 80 लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या आणि त्यातल्या बहुसंख्य पुरुषांच्या. त्या जबरदस्तीचा लोकांनी मतपेटीत हिशोब केला. पुढच्या सरकारांनी त्यातून धडा घेतला तो असा, की पुरुषांना पुन्हा हात लावायचा नाही. आकडे तसेच राहिले, फक्त चीर बायकांच्या पोटावर गेली. उद्दिष्टं कागदावरून हटायला 1996 उजाडलं. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे 38 टक्क्यांनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतलेली दिसते, आणि नवऱ्याची झालेली 0.3 टक्के. नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत 83 बायकांवर शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या. त्या दिवसांतल्या शिबिरांनंतर 13 बायका दगावल्या. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2016 मध्ये अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा म्हणून सांगितलं. हे सगळं मी आधीही कधीतरी वाचलं होतं. पण वाचताना समोर टाके नव्हते.

चिंबोरीला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं, वजन करून भूल मोजली होती, दुखू नये म्हणून वेगळं इंजेक्शन होतं, आणि त्या टेबलावर तेवढ्या वेळात ती एकटीच होती. “मना भूल दिली का नाय तेच कलला नाय,” आई म्हणाल्या. शाळेच्या वर्गात सतरंजीवर रांगेने झोपवलं, संध्याकाळी टेम्पोने घरी. “आठव्या दिसाला मिठाची पाटी डोईवर.” मार्च म्हणजे मिठागराचा भर. मीठ ओढून ढीग करायचे, पाट्या भरायच्या आणि बांधावरून वाहायच्या. ओल्या मिठाच्या पाटीतून खारं पाणी गळतं. मानेवरून, छातीवरून ते कुठे जातं, हे त्यांना सांगायला लागलं नाही. टाके काढायला यायची ती नर्स आलीच नाही. शेजारच्या एका आत्याने नव्या ब्लेडने कापले. एक टाका राहून गेला तो पिकला आणि पाऊस लागेपर्यंत वाहत राहिला.

हे त्यांनी मला पंचवीस वर्षांत सांगितलं नव्हतं. मांजरीला सांगावं तसं, तिच्याकडे बघत सांगितलं.

मधल्या एका दिवशी टाक्यांखाली सुपारीएवढी गाठ आली आणि मी घाबरले. रोज सकाळी त्याच खिडकीत, त्याच उजेडात मी मोबाइलवर फोटो काढत होते. कुणी सुचवलं तर जरूर करावं असं हे काम आहे, कारण काळजी करणाऱ्याचे डोळे रोज वेगळं बघतात आणि फोटो तेच बघतो. फोटो डॉक्टरांना पाठवले. त्यांनी विचारलं, लाल आहे का? गरम? पू, वास, फाट? खाते का? नव्हतं काही, आणि खात होती. मग राहू द्या, म्हणाले. आतला धागा विरघळताना शरीर त्याच्याभोवती अशी सूज धरतं, ती आपोआप उतरते. मांजर चोवीस तासांवर उपाशी राहिलं तर मात्र फोन करा, कारण अंगातली चरबी यकृतात साठून यकृतच बंद पडायची भीती असते. पावसाळ्यातली मासेमारीबंदी चालू होती, बाजारात मोठी मासळी नव्हती. पण बंदी यांत्रिक बोटींना असते, खाडीत हाताने जाळं टाकणाऱ्यांना नाही. त्यामुळे बोय आणि कोलंबी मिळत होती, आणि रोगी बाईचे लाड करावेत तसे ते काटे काढून, बिनमिठाचे उकडून, बशीत जात होते. काटे आईच काढायच्या.

मांजराची जखम सावकाश भरते, हे मला नवीन होतं. ऑबर्न विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी 2004 मध्ये मांजराची आणि कुत्र्याची कातडी भरण्याची तुलना छापली. शिवलेल्या जखमेची सातव्या दिवशीची ताकद मांजरात कुत्र्याच्या जवळजवळ निम्मी भरली. बाहेरून मात्र ती तितकीच बंद दिसते. सगळा धोका याच दिवसांचा: जनावर खेळायला लागतं, माणसाला वाटतं झालं, आणि ती फ्रिजवर उडी मारते. आम्ही तिला न्हाणीघराच्या शेजारच्या छोट्या खोलीत कोंडलं होतं. खिडकीला मच्छरदाणी ठोकली होती, पावसाळ्यात माशी जखमेवर बसली तर अळ्या पडतात म्हणून. खोलीत पाट आणि गोणपाट याशिवाय उंच काही नव्हतं. तरी एक दिवस ती दाराच्या कडीला लोंबकळलेली सापडली, गळ्यात गुडघ्याचा एक्स-रे.

दुखतंय का, हे कळणं सगळ्यात कठीण. मांजर दुखणं लपवतं. मॉन्ट्रियल विद्यापीठात 2019 मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी तयार झाली: कान किती बाजूला कललेत, डोळे किती मिटलेत, नाकातोंडाचा भाग किती ताणलाय, मिशा कुठे वळल्यात, मान खांद्यांच्या वर आहे की खाली. मी चित्रं समोर ठेवून गुण देत बसे. आई लांबूनच सांगत, “आज बरी हाय,” किंवा “आज नको, आज निजू दे.” आमचे निकाल बहुधा जुळायचे.

पुरुषांपैकी एकच माणूस टाके बघायला आला, करंजाचे काका. बंदीच्या दिवसांत त्यांचं काम म्हणजे पडवीत बसून जाळी दुरुस्त करणं. त्यांनी चष्मा लावला, चिंबोरीच्या पोटावर वाकले आणि काही वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “गाठ न् गाठ सुटी मारलीय. बरोबर.” जाळ्याच्या दोरीतही प्रत्येक घराला स्वतंत्र गाठ असते, ती एवढ्यासाठी की एक घर फाटलं तरी फाट पुढे धावू नये. पोट शिवणाऱ्यानेही तेच केलं होतं, आणि त्याच नायलॉनने. सुश्रुताच्या संहितेत जखम शिवण्याचे चार प्रकार सांगितले आहेत: वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथी. त्यातला ऋजुग्रंथी म्हणजे हाच, सुट्या सरळ गाठींचा. धाग्यांची यादीही आहे, ताग, स्नायू, केस, वेलींचे तंतू. नायलॉन यायला आणखी दोनेक हजार वर्षं लागली. काकांना यातलं काही सांगायची गरज नव्हती. त्यांनी फक्त एका गाठीकडे बोट दाखवून “ही जरा आवळलीय” म्हटलं, आणि टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी नेमक्या त्याच गाठीपाशी कातडी थोडी चुरडलेली दाखवली.

टाके काढायला आई बरोबर आल्या. यायचं कारण नव्हतं. गुडघ्यांमुळे त्या बाजारातही जात नाहीत. दवाखान्यात मांजरीचे पुढचे पाय त्यांनी धरले. चिमट्याने गाठ उचलायची, कात्रीचं टोक खाली घालायचं, एक बाजू कापायची, ओढायचं. मांजरीने एकदा कुरकुर केली. आई प्रत्येक टाक्याबरोबर ओठ मिटून घेत होत्या. सगळे निघाल्यावर त्यांनी डॉक्टरांना विचारलं, “रायला नाय ना एकादा?” तरुण डॉक्टर. त्यांना या प्रश्नामागचं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, तरी त्यांनी दिवा जवळ ओढला आणि बोट फिरवून पुन्हा एकदा सगळी रेघ दाखवली. “नाही आजी, सगळे निघाले.”

फी देताना डॉक्टर म्हणाले, गल्लीत बोका असेल तर त्यालाही आणा, नाहीतर तुमच्या एका मांजरीने काय होणार. नराचं काम सोपं असतं, पोट उघडावं लागत नाही. वृषणाच्या पिशवीला दोन बारीक चिरा, काही मिनिटांचा खेळ, आणि चिरा तशाच ठेवतात, शिवत नाहीत. आपोआप मिटतात.

“म्हंजे त्याचं बिनटाक्याचं,” आई म्हणाल्या.

डॉक्टर हसले. माणसांतही तसंच आहे, असं त्यांनी सांगितलं. चीनमध्ये 1974 साली निघालेल्या पद्धतीत पुरुषाला सुरीही लागत नाही, टाकाही लागत नाही. आईंनी ते नीट ऐकून घेतलं. परतीच्या रस्त्यावर बराच वेळ त्या ट्रेलर मोजत असल्यासारख्या बाहेर बघत होत्या, मग जासईपाशी एकदम म्हणाल्या, “तवा व्हतं का हे? त्र्याऐंशीला?” मी म्हटलं, असावं कुठे कुठे. “मंग मास्तरांनी यांना न्यायचं व्हतं.” हे म्हणजे सासरे. ते जाऊन बरीच वर्षं झाली.

आता बोका पकडायचं काम निघालं आहे. पिंजरा मागून आणला, आत सुक्या बोंबलाचा तुकडा बांधला. बोका येतो, पिंजऱ्याला वळसा घालतो, ओट्यावर बसतो. दोन माणसांनी गोणपाट टाकून धरला तर सहज सापडेल, पण मदतीला या म्हटलं की गल्लीतल्या पुरुषांना कामं आठवतात. कुणाची पाळी असते बंदरात, कुणाची कंबर धरलेली असते. करंजाच्या काकांना जाळं मागितलं तर म्हणाले, “जाऊ दे गो सूनबाय, गरीब हाय तो. कनाला त्याच्या मागं लागता?”

“व्हय, गरीब!” आई आतून म्हणाल्या. “जालं नको देव. गोनपाट मना दे, मीच बसते ओट्यावर.”